आठ-एक-जे : तुमचा खासगीपणा आणि त्यांच्या फायली

आमच्या शेजारचे काका एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. गल्लीतला सिमेंटचा रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात उखडला, तेव्हा त्यांनी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. मागणी साधी होती. कामाच्या मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे सगळे जिला 'एमबी' म्हणतात तिची प्रत, मोजमाप ज्यांनी नोंदवलं आणि तपासलं त्यांची नावं व हुद्दे, आणि ठेकेदाराला दिलेल्या देयकाची प्रत. महिन्याभरानं दोन ओळींचं उत्तर आलं. मागितलेली माहिती वैयक्तिक माहितीशी संबंधित असल्यामुळे कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही.

काका ते पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "रस्त्याची जाडी कुणाची वैयक्तिक असते रे?"

मी गेली काही वर्षं ओळखीच्यांना असे अर्ज लिहून देतो. पूर्वी अशा पत्राला काय उत्तर द्यायचं हे पाठ होतं, कारण ज्या कलमाच्या आधारानं नकार यायचा, त्याच कलमात उत्तर असायचं. नोव्हेंबर २०२५ पासून ते तिथे नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यातली ती ओळ खोडली गेली, आणि खोडणारा कायदा माहिती अधिकाराचा नव्हता. तो होता तुमच्या-माझ्या मोबाईलमधल्या माहितीचं रक्षण करण्यासाठी केलेला कायदा. हे कसं झालं ते सोपं करून सांगतो. मला याचा राग आहे, आणि तो लपवणार नाही.

आधी नवा कायदा. त्याचं नाव 'डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३'. विदा म्हणजे डेटा. बोलताना लोक त्याला डीपीडीपी म्हणतात. मेडिकलच्या दुकानात, चपलांच्या दुकानात, मॉलच्या काउंटरवर "मोबाईल नंबर सांगा" म्हणतात, आपण सांगतो, आणि आठवड्याभरात कर्जाचे आणि प्लॉटचे फोन सुरू होतात. असे व्यवहार रोखण्यासाठी हा कायदा आहे. त्याची मूळ कल्पना चांगली आहे. ज्याची माहिती, तो तिचा धनी. ती गोळा करणारी कंपनी, बँक, दवाखाना किंवा सरकारी खातं म्हणजे फक्त विश्वस्त. विश्वस्तानं काय घेतोय आणि कशासाठी घेतोय हे आधी सांगायचं. हवं असेल तर मराठीतून सांगायचं, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांमधून सूचना मिळण्याची सोय कायद्यात आहे. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. चुकीची माहिती दुरुस्त करून मागता येते, नको असलेली पुसायला लावता येते. माहिती चोरीला गेली तर आपल्याला कळवणं बंधनकारक आहे. सुरक्षेत हयगय केली तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड. दंडाचे पैसे मात्र भारताच्या संचित निधीत जातात, नुकसान ज्याचं झालं त्याला नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ नावाचं भरपाईचं कलम आहे, तेही हा कायदा काढून टाकणार आहे.

तरीही, असा कायदा हवाच होता. तो येण्याची वाट आपण फार वर्षं पाहिली.

२०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या खटल्यात केंद्र सरकारची भूमिका काय होती हे विसरून चालणार नाही. खासगीपणा हा भारतीयांचा मूलभूत हक्क नाहीच, असं महान्यायवाद्यांनी १९५४ आणि १९६२ चे जुने निकाल पुढे करून न्यायालयात मांडलं होतं. शेवटी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच सुमारास न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली गेली. २०१८ मध्ये तिचा अहवाल आणि मसुदा आला, २०१९ मध्ये विधेयक आलं, ते संयुक्त समितीकडे गेलं, २०२२ मध्ये सरकारनं ते मागे घेतलं, नवा मसुदा काढला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा मंजूर झाला. पुढे दोन वर्षांहून जास्त काळ तो नियमांवाचून पडून होता. नियम १४ नोव्हेंबर २०२५ ला अधिसूचित झाले.

आता तारखा नीट पाहा, कारण मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथेच. कायदा एकदम लागू झाला नाही, तीन टप्प्यांत होणार आहे. संमती, सूचना, पुसून मागण्याचा हक्क, कंपन्यांची जबाबदारी, म्हणजे आपल्यासाठी असलेला सगळा भाग अठरा महिन्यांनी लागू होणार, २०२७ च्या मे महिन्यात. कंपन्यांना तयारीला वेळ हवा, हे समजण्यासारखं आहे. पण काही कलमं त्याच दिवशी लागू झाली. त्यांत तक्रारी ऐकणारं मंडळ स्थापन करण्याची कलमं होती, व्याख्या होत्या, आणि ४४(३) होतं. ४४(३) म्हणजे माहिती अधिकार कायद्यातली दुरुस्ती. प्लॉट विकणाऱ्याचा फोन थांबवण्याचा हक्क मिळायला दीड वर्ष, आणि काकांच्या अर्जाला नकार देण्याची सोय त्याच दिवशी. कोणत्या भागाची घाई होती, हे या तारखांवरून दिसतं.

काय बदललं ते कळण्यासाठी दोन मजकूर शेजारी ठेवायला हवेत. माहिती अधिकार कायदा २००५ चा. १२ ऑक्टोबर २००५ ला तो जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. (महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्या आधीच होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यानं २००२ चा राज्याचा कायदा आला, आणि केंद्राच्या कायद्यावर त्याची छाप आहे.) कलम आठमध्ये कोणती माहिती नाकारता येते याची यादी आहे. देशाची सुरक्षा, व्यापारी गुपितं, चालू तपास वगैरे. त्या यादीतला 'ञ' हा खंड, इंग्रजीतला जे, वैयक्तिक माहितीचा.

जुन्या खंडाचा अर्थ असा होता : ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी काही संबंध नाही, किंवा जी उघड केल्यानं एखाद्याच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होईल, ती देण्याचं बंधन नाही. मात्र व्यापक लोकहितासाठी ती देणं योग्य आहे अशी माहिती अधिकाऱ्याची खात्री झाली, तर ती द्यावी. आणि खाली एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, होतं. जी माहिती संसदेला किंवा राज्याच्या विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही.

नव्या खंडात एवढंच आहे : वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. पूर्णविराम.

जुन्या खंडात एक चाळणी होती. माहिती वैयक्तिक आहे का, एवढाच प्रश्न नव्हता. ती वैयक्तिक असली तरी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हा खरा प्रश्न होता. आपल्याकडे हे शहाणपण कायद्याच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. सातबारा घ्या. त्यावर माणसाचं नाव असतं, किती जमीन आहे, कुणाचं किती कर्ज बोजा म्हणून चढलंय, सगळं असतं. यापेक्षा वैयक्तिक काय असू शकतं? तरी सातबारा कुणीही काढू शकतो, कारण जमिनीचा व्यवहार फसवणुकीशिवाय व्हायचा तर नोंद उघडी असावी लागते. मतदार यादी घ्या. नाव, वय, घर क्रमांक, सगळं छापून वाटलं जातं, कारण बोगस मतदार ओळखायचे असतील तर वस्तीतल्या लोकांनी ती वाचली पाहिजे. याउलट सरकारी दवाखान्यातला माझा केसपेपर. तोही सरकारी कागद आहे, पण माझा आजार काय याच्याशी गावाचं काही देणंघेणं नाही. दवाखान्यानं औषधं कोणत्या दरानं घेतली याच्याशी मात्र आहे. रेषा नावावर ओढलेली नाही. ती माहिती कोणत्या कामातून आली यावर ओढलेली आहे.

ज्या चळवळीतून हा कायदा जन्मला, ती तर नावं वाचण्यातूनच उभी राहिली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटना १९९० मध्ये सुरू झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंग आणि गावोगावचे मजूर त्यात होते. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराणा गावात त्यांनी पहिली जनसुनावणी घेतली. मांडव घातला, गाव जमवलं आणि रोजगाराच्या कामाची मस्टरं मोठ्यानं वाचली. कुणाच्या नावावर किती दिवस, किती पैसे. लोक उठून सांगू लागले की हा तर कधीच वारला, ही तर लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली, माझ्या नावावर पैसे लागलेत पण मी त्या कामावर पाऊल ठेवलं नाही. रोजगार हमीचं काम ज्यांनी महाराष्ट्रात जवळून पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मस्टरवरची चोरी ही नेहमी नावाची चोरी असते. नावं झाकून दिलेलं मस्टर म्हणजे नुसती आकड्यांची बेरीज, आणि बेरीज तर चोरानंही बरोबरच केलेली असते.

मुंबईत कुलाब्यात एकतीस मजल्यांची आदर्श सोसायटी उभी राहिली. तिथे घर कुणाला मिळालं हाच सगळा प्रश्न होता. कारगिलच्या जवानांचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या इमारतीत नेते, सनदी अधिकारी, लष्करी अधिकारी आणि त्यांचे नातेवाईक सभासद निघाले. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारातून मिळवलेल्या कागदांचा ते प्रकरण बाहेर येण्यात मोठा वाटा होता, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. आता नवा खंड हातात घेऊन विचार करा. सभासदाचं नाव, त्याचं नातं, त्यानं दाखवलेलं उत्पन्न. यातली एकही गोष्ट 'वैयक्तिक माहितीशी संबंधित' नाही असं कुणी म्हणू शकेल?

अलीकडची गोष्ट घ्या. २०२४ मध्ये पुण्यात रुजू झालेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या निवडीवरून वाद झाला. त्यात उत्पन्नाचं, जातीच्या सवलतीचं आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र हे तीन कागद केंद्रस्थानी होते. लोकसेवा आयोगानं ती उमेदवारी रद्द केली. उत्पन्न, जात, आरोग्य या तिन्ही गोष्टी माणसाच्या सर्वांत खासगी गोष्टींत मोडतात, हे मी मान्य करतो. पण त्यांच्या आधारावर सरकारी पद घेतलं की त्यांचा एक भाग सार्वजनिक होतो, कारण त्या जागेवर हक्क असलेला दुसरा कुणीतरी रांगेत उभा असतो. त्या दुसऱ्या उमेदवाराला विचारण्याचा मार्ग उरला पाहिजे.

'लाडकी बहीण' योजनेचंही तसंच. महिना दीड हजार रुपये, आणि २०२५ च्या जुलैत समोर आलं की चौदा हजारांवर पुरुषांनी त्याचा लाभ घेतला. हे कळलं कसं? सरकारनं स्वतःकडच्या नोंदी ताडून पाहिल्या म्हणून. म्हणजे सरकारला नागरिकांची माहिती पडताळता येते. गावातल्या बायकांना आपल्या गावाची यादी पडताळायची असेल, तर? बाईचा खाते क्रमांक, आधार क्रमांक, मोबाईल उघड करा असं कुणीही म्हणत नाही, ते गुन्हेगारांच्या हातात कोलीत देण्यासारखं होईल. नाव, गाव आणि रक्कम, एवढंच. चाळणी असेल तर हे दोन्ही एकदम साधतं. चाळणी काढली की दोनच पर्याय उरतात, सगळं द्या किंवा काहीच देऊ नका. आणि टेबलापलीकडचा माणूस त्यातला कोणता निवडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. जुना खंड असतानाही नकार येतच होते, आणि त्याला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल कारणीभूत होता. गिरीश देशपांडे यांनी भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याच्या संपत्तीची आणि त्याला दिलेल्या नोटिसांची माहिती मागितली होती. ३ ऑक्टोबर २०१२ ला न्यायालयानं म्हटलं की कर्मचाऱ्याची कामगिरी हा त्याच्यात आणि त्याच्या मालकात असलेला विषय आहे, म्हणून ही माहिती वैयक्तिक. सरकारी नोकराचा मालक कोण, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. त्याचा पगार तर आपण देतो. मुंबईचे शैलेश गांधी हे पूर्वी केंद्रीय माहिती आयुक्त होते. या निकालानं विधिमंडळाच्या परंतुकाचा विचारच केला नाही, हे ते सातत्यानं मांडत आले आहेत. त्या निकालानंतर देशभरातल्या कार्यालयांना नकाराचा एक तयार साचा मिळाला. पण तरीही कायद्यातली चाळणी जागेवर होती. अपिलात जाऊन तिच्याकडे बोट दाखवता येत होतं, आणि काही वेळा माहिती आयोग ऐकतही होते.

परंतुकाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्यावर माझा जीव होता. आमदारानं विधानसभेत तारांकित प्रश्न विचारला की अमुक रस्त्याचं मोजमाप कोणत्या अभियंत्यानं तपासलं, तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. परंतुक म्हणत होतं, आमदाराला जे सांगाल ते काकांनाही सांगा. चावडीवरचा माणूस आणि विधानभवनातला माणूस यांना एका ओळीत उभं करणारं वाक्य आपल्या कायद्यांत क्वचित सापडतं. ते वाक्य आता पुस्तकात नाही.

सरकार याचं समर्थन कसं करतं, तेही पाहू. मार्च २०२५ मध्ये खासदार जयराम रमेश यांनी ही दुरुस्ती थांबवा असं पत्र लिहिलं, त्याला एप्रिलमध्ये माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी उत्तर दिलं. सरकारी युक्तिवाद मुख्यतः तीन आहेत.

पहिला, पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, म्हणून २००५ ची ओळ बदलावी लागली. पण त्या निकालात खासगीपणा अमर्याद आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट तो मर्यादित करायचा तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय प्रमाणात हवा, अशी कसोटी दिली आहे. ती कसोटी आणि जुन्या 'ञ'मधली चाळणी एकाच जातीच्या आहेत. १३ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सरन्यायाधीशांचं कार्यालयही माहिती अधिकारात येतं असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी पुट्टस्वामी निकाल आणि जुना खंड 'ञ' दोन्ही समोर ठेवून तोल साधला होता. म्हणजे जुन्या ओळीबरोबर नवा मूलभूत हक्क सुखानं नांदत होता.

दुसरा युक्तिवाद, इतर कायद्यांनी जी माहिती उघड करणं बंधनकारक आहे तिला डीपीडीपी हात लावत नाही. हे खरं आहे आणि उपयोगाचंही आहे, त्याकडे शेवटी येतो. पण माणसं अर्ज करतात ते मुख्यतः जे आपणहून उघड केलेलं नाही त्यासाठी.

तिसरा युक्तिवाद कलम ८(२)चा, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. हे कलम अजून शाबूत आहे. ते म्हणतं की कलम आठमधल्या कोणत्याही अपवादात बसणारी माहिती असली, तरी ती उघड करण्यातलं लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर सार्वजनिक प्राधिकरण ती देऊ शकतं. मग बिघडलं कुठे? तीन ठिकाणी. एक, 'देऊ शकतं' म्हणजे द्यायलाच हवी असं नाही. दोन, जुन्या खंडात निर्णय समोर बसलेला माहिती अधिकारी घेऊ शकत होता, इथे शब्द 'सार्वजनिक प्राधिकरण' असा आहे, म्हणजे फाईल वर जाणार, आणि वर गेलेली फाईल कधी खाली येते हे आपल्याला ठाऊक आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कलम ६(२) सांगतं की अर्जदाराला कारण विचारायचं नाही. माहिती का हवी हे न सांगता मागण्याचा हक्क हा या कायद्याचा कणा होता. पूर्वी माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असला की बहुतेक वेळा पुरे व्हायचं, लोकहिताचा प्रश्न त्यापुढचा. आता पहिल्याच पायरीवर काकांना सिद्ध करावं लागणार की त्यांची मागणी लोकहिताची आहे. घोटाळा झालाय हे कागद मिळण्याआधी कसं सिद्ध करायचं? कागद तर त्यासाठीच हवे आहेत.

त्यातून 'वैयक्तिक माहिती' म्हणजे काय, हे माहिती अधिकार कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही. डीपीडीपीत 'वैयक्तिक विदा'ची व्याख्या आहे ती फार ऐसपैस. ज्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येईल अशी तिच्याविषयीची कोणतीही माहिती. अभियंत्याची सही त्यात बसते. तलाठ्याचा शेरा बसतो. गावातले लहान ठेकेदार बहुधा स्वतःच्या नावानंच काम घेतात, म्हणून त्यांचं देयकही बसवता येतं. काकांचा रस्ता वैयक्तिक झाला तो असा.

खासगीपणाच्या बाजूनं बोलणाऱ्या लोकांनीच या दुरुस्तीला विरोध केला आहे, हे मुद्दाम नोंदवतो. माहिती अधिकारवाले आणि खासगीपणावाले एकमेकांशी भांडताहेत असं चित्र उभं केलं जातं, ते खरं नाही. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांनी २०१२ मध्ये नियोजन आयोगासाठी खासगीपणावरचा तज्ज्ञगटाचा अहवाल तयार केला होता. त्याच शहांनी जुलै २०२५ मध्ये महान्यायवाद्यांना पत्र लिहून या दुरुस्तीवर आक्षेप घेतला. श्रीकृष्ण समितीनंही 'ञ' बदलायचं सुचवलं होतं, पण हानी आणि लोकहित यांचा तोल ठेवून. तोल काढून टाका असं तिनं म्हटलं नव्हतं.

याच कायद्यात सरकारनं स्वतःसाठी काय ठेवलंय, तेही बघा. कलम १७(२) नुसार केंद्र सरकार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून वगळू शकतं. तक्रारी ऐकणारं विदा संरक्षण मंडळ केंद्र सरकारच नेमणार. म्हणजे तक्रार सरकारी खात्याविरुद्ध असली तरी ऐकणारे सरकारनंच बसवलेले. आणि पत्रकारितेसाठीची सवलत २०१८ च्या आणि २०१९ च्या मसुद्यांत होती, ती अंतिम कायद्यात नाही. घोटाळ्यातल्या माणसाचं नाव छापणारा वार्ताहर कायद्याच्या भाषेत त्या माणसाच्या माहितीचा 'विश्वस्त' ठरू शकतो. संपादकांच्या संघटनांनी यावर आवाज उठवला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-चार माणसांवर चालणाऱ्या साप्ताहिकाला कोट्यवधींच्या दंडाची नुसती नोटीस आली, तरी ते बातमी मागे घेईल.

माझं म्हणणं म्हणून एवढंच आहे : खासगीपणा ही दुबळ्याची ढाल आहे. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्यापासून ज्याच्याकडे ती नाही त्याला वाचवण्यासाठी ती घडवली गेली. काकांचा मोबाईल नंबर, माझा केसपेपर, विधवा बाईचा खाते क्रमांक यांच्यापुढे ती धरायला हवी. सरकारी पैशाच्या देयकावरच्या सहीपुढे ती धरली, तर तीच ढाल बलवानाच्या हातात जाते. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांनी जमिनींचे गैरव्यवहार उघडकीला आणले, आणि १३ जानेवारी २०१० ला त्यांचा खून झाला. जमिनीच्या कागदांवरची नावं वाचण्याची किंमत त्यांनी मोजली. असं वाचणं आता कायद्यानंच अवघड करून ठेवलंय, हे मला सहन होत नाही.

आता कामाचं बोलू, कारण अर्ज थांबवायचे नाहीत.

कलम चार अजून जसंच्या तसं आहे. त्यातल्या ४(१)(ख) मध्ये प्रत्येक कार्यालयानं आपणहून जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत. त्यांत अधिकाऱ्यांचे मासिक वेतन आहे, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या आणि लाभार्थी कोण याचा तपशील आहे, सवलती आणि परवाने कुणाला दिले हेही आहे. अर्जात शक्य तिथे हे उपकलम लिहा. जे कायद्यानंच जाहीर करायचं आहे, त्याला वैयक्तिक म्हणून नाकारता येत नाही, आणि इथे मंत्र्यांचा दुसरा युक्तिवाद तुमच्याच बाजूनं उभा राहतो. प्रत मागण्याबरोबर अभिलेख पाहण्याची मागणी करा. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत लोकांना अभिलेख पाहू द्यावेत असं राज्य सरकारचं २०१८ चं परिपत्रक आहे. पुण्यात महापालिकेनं ही प्रथा आधीच सुरू केली होती.

कलम दहा विसरू नका. कागदाचा एक भाग नाकारण्याजोगा असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यायचा, असं ते सांगतं. म्हणून अर्जातच लिहा की मोबाईल क्रमांक, पॅन, आधार, बँक खातं काळं करून प्रत द्यावी. तुम्ही स्वतः ही रेषा आखून दिली की 'वैयक्तिक' म्हणून सगळा कागद दाबणं अवघड होतं. माणसाचं नाव मागण्याऐवजी शक्य तिथे हुद्दा मागा. 'कोणी तपासलं' असं न विचारता 'तपासणीच्या पानाची साक्षांकित प्रत द्यावी' असं मागा. आणि ८(२) नुसार लोकहित काय, ते दोन ओळींत आधीच लिहा. कारण सांगायची सक्ती नाही हे मला माहीत आहे, आणि ते लिहावं लागतंय याचं वाईटही वाटतं. पण आत्ता अर्ज टिकवायचा असेल तर ते लिहा.

काकांचं पहिलं अपील आम्ही जोडपत्र 'ब' मध्ये, वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दाखल केलंय. त्यात लिहिलंय की रस्ता सार्वजनिक आहे, पैसा सार्वजनिक आहे, एमबी हे शासकीय अभिलेख आहे, ठेकेदाराचा पॅन आणि खाते क्रमांक झाकावा, आणि जाडीचा रकाना तेवढा उघडा ठेवावा. सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. काकांनी रस्त्याच्या उखडलेल्या कडेला टेप लावून स्वतः मोजमाप घेतलंय, वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय, आणि सुनावणीला ती वही ते बरोबर नेणार आहेत.